मागे एक पादचारी आहे

आमच्या तालुक्यातल्या एका कार्यालयाची सरकारी गाडी विजेवर चालते आणि मागं घेताना ‘टूं टूं’ करते, ही बाब पहिली दोन वर्षं कुणालाही गंभीर वाटली नव्हती. कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. त्या गाडीवर माझे बापू ड्रायव्हर आहेत आणि मला दहावी इथंच करायची आहे.

गाडी पांढरी. मागच्या बंपरवर कोटाच्या गुंड्यांएवढी चार गोल सेन्सरं. गाडी पोर्चमध्ये नेहमी उलटी लावायची, कारण निघताना गाडीचं तोंड रस्त्याकडं नसलं तर वळवण्यात वेळ जातो आणि जनतेची कामं खोळंबतात, असं साहेबांचं मत. शिवाय गाडी पूर्ण लागल्याशिवाय साहेब उतरत नाहीत. अर्ध्यात उतरणं पदाला शोभत नाही. भिंत जवळ येईल तशी सेन्सरं ओरडायची. लांबून टूं… टूं… जवळ आली की टूं टूं टूं. एक फूट उरला की टूंऽऽऽ, आणि बापू ब्रेक दाबायचे.

आत त्याच आवाजावर दुसरी एक यंत्रणा चालायची. पहिल्या टूंला अव्वल कारकून शेषराव भाऊसाहेब भुईमुगाची टरफलं ड्रॉवरमध्ये ढकलायचे. दुसऱ्या टूंला पंख्याखालचे लोक जागे व्हायचे. टूंऽऽऽ होईस्तोवर सगळ्यांसमोर फायली उघड्या. हे मला माहीत, कारण आमची शाळा कार्यालयाला लागूनच आहे. शाळा सुटली की बापूंच्या मोटारसायकलवर तांड्यावर जायचं म्हणून मी पोर्चच्या पायरीवर बसून गृहपाठ करते. म्हणजे गृहपाठ वहीत असतो, मी बघत असते.

मग वरून पत्र आलं. विषय : विद्युत वाहनांतील ध्वनिलहरी सेन्सर काढून टाकून कॅमेरा-आधारित दृष्टी प्रणाली कार्यान्वित करणेबाबत. पत्रात कारणही दिलं होतं : ‘मनुष्य वाहन चालविताना डोळ्यांचा वापर करतो, वटवाघळाप्रमाणे ध्वनीचा नाही. सबब वाहनासही डोळे पुरेसे आहेत.’

पत्रापाठोपाठ गाडीच्या कंपनीचा योगेश आला. त्यानं चारही गुंड्या काढल्या आणि भोकांवर रबरी बुचं बसवली.

बापू म्हणाले, “योगेशभाऊ, मानसाला मागं बघाया मान अस्ती. ह्या गाडीला मान कुठं हाय?”

“काका, कॅमेरे आहेत ना. चौफेर.”

“मंग लावा की चालू.”

“चालूच आहेत. फक्त त्यांना अजून अंतर कळत नाही. शिकून राहिलेत ते. अपडेट लवकरच येतंय.”

‘लवकरच’ हा शब्द आमच्याकडं लहान लेकराला पण समजतो. आमच्या शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह मी पाचवीत असल्यापासून लवकरच होणार आहे.

“तवर ही जुनी राहू द्या की मंग. काहून काढून राहिलात?”

“नाही जमत. आधी काढायचं, मग बसवायचं, असा नियम आहे. दोन्ही असले तर कुणाचं ऐकावं, असा गाडीचा गोंधळ होतो.” एवढं बोलून योगेश गुंड्या डब्यात भरून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गाडी आवाज न करता आली, साहेब आवाज न करता आत आले आणि शेषराव भाऊसाहेब टरफलांच्या ढिगासकट सापडले.

“हे काय चाललंय?” साहेबांनी विचारलं.

“भुईमुगाचा नमुना तपासून राहिलो, साहेब.”

“निष्कर्ष?”

“खवट हाय.”

त्याच दुपारी कार्यालयीन आदेश निघाला. मी तो स्वतः वाचलाय, कारण तो पोर्चमध्येच लावला होता. ‘वाहन सुरक्षेच्या दृष्टीने, दृष्टी प्रणाली कार्यान्वित होईपर्यंत अथवा पुढील आदेश होईपर्यंत, यांपैकी जे नंतर घडेल तोपर्यंत, शिपाई श्री. संतराम यांनी वाहनाच्या मागे उभे राहून तोंडाने ध्वनी काढावा. वीस फुटांपासून टूं सुटी, तीन फुटांवर टूं जोडून, एक फुटावर टूं दीर्घ.’ वाहनाची सुरक्षा म्हणजे भाऊसाहेबांची सुरक्षा, हे ओळखायला दहावीत असायची पण गरज नाही.

संतरामकाका म्हणजे कार्यालयातले एकुलते एक शिपाई. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. अंगानं काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरे कपडे. आदेश वाचून त्यांनी एकच शंका काढली.

“भाऊसाहेब, टूं तोंड उघडून करू का मिटून?”

“आदेशात ‘तोंडाने’ एवढंच लिहिलंय. तपशील तुमच्यावर सोडलाय.”

काकांनी तीन दिवस सराव केला. मधल्या सुट्टीत अख्खी शाळा भिंतीवर चढून ऐकायची. आणि खरं सांगते, काकांची टूं कंपनीच्या टूंपेक्षा गोड होती. आठवड्याभरात कुणी वळूनसुद्धा बघेना. आवाज आला की टरफलं ड्रॉवरमध्ये, फायली टेबलावर. सगळं पूर्ववत.

फक्त एका सोमवारी काकांनी नुकतीच तंबाखू दाढेत धरली होती आणि साहेबांची गाडी वेळेआधी आली. तोंड भरलेलं. एक फुटावर दीर्घ टूं द्यायची, तर काकांच्या नाकातून निघालं, “हूं… हूं…” बापूंना वाटलं, अजून सहा फूट आहेत. काकांनी अंग चोरलं आणि गाडी भिंतीला टेकली. खरचटलंसुद्धा नाही, पण साहेबांचा चहा सांडला. शिपायानं आवाज काढलेला होता, सबब चूक ऐकणाऱ्याची, असं ठरलं. बापूंना मेमो मिळाला.

“जगन,” भाऊसाहेबांनी समजावलं, “हा पहिला. तिसरा झाला की बदली. अन् बदली म्हंजे पार कोकणात. समुद्र बघशील लेका.”

बापू हसले. मी नाही हसले. आठवीपर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणताना माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोहोचायचा नाही. यंदा मी कबड्डीची कॅप्टन आहे आणि माझा आवाज मैदानावरून एसटी स्टँडपर्यंत जातो; तिथल्या कँटीनवाल्यानं तशी तक्रारच केली आहे. आता कुठं कोकणात जाऊन पुन्हा शेवटच्या बाकावरून सुरुवात करू? न्हाई म्हंजे न्हाई. त्या दिवसापासून गृहपाठ पूर्ण बंद आणि गाडीवर पूर्ण लक्ष.

चार महिन्यांनी अपडेट आलं. योगेशनं स्क्रीन दाखवला : गाडीच्या मागं काय आहे ते सगळं राखाडी बाहुल्यांसारखं दिसायचं आणि खाली शुद्ध मराठीत सूचना. “आता गाडी समजूनउमजून चालते,” तो म्हणाला.

साहेब मुद्दाम गाडीत बसले. बापूंनी रिव्हर्स टाकला. टूं… टूं… आणि गाडी पंधरा फुटांवरच थांबली. ढिम्म हलेना. स्क्रीनवर लिहून आलं : ‘मागे ४३ पादचारी आहेत. कृपया प्रतीक्षा करा.’

पोर्चच्या मागच्या भिंतीवर आमच्या भाऊंच्या, म्हणजे तालुक्याच्या पुढाऱ्यांच्या, वाढदिवसाचा फ्लेक्स होता. वर भाऊ हात जोडून, खाली शुभेच्छुक. गाडीला ते सगळे माणसं वाटले. मी फ्लेक्सवरचे चेहरे मोजले. भाऊ धरून बेचाळीस. योगेश म्हणाला, “एखाद-दुसरं इकडंतिकडं होतं. एवढी चूक चालते.”

“जगन, हॉर्न वाजव,” साहेब म्हणाले.

बापूंनी वाजवला. कुणीही बाजूला झालं नाही. सगळे हसतच होते.

“फ्लेक्स काढा.”

फ्लेक्स लावायला परवानगी लागत नाही, पण काढायला कुणाची लागते हे कुणालाच माहीत नव्हतं. भाऊसाहेबांनी तोडगा काढला : काढायचा नाही, झाकायचा. बैठकीतली पांढरी चादर आणून फ्लेक्सवर टाकली. दहा मिनिटांत सहा मोटारसायकली आल्या.

“भाऊंच्या तोंडावर पांढरं टाकून राहिले तुमी? भाऊ जित्ते हायेत अजून!”

चादर निघाली. पादचारी परत आले. वाढदिवसाचा पंधरवडा उलटेपर्यंत गाडी रस्त्यावर उभी राहिली आणि नोंदवहीत तिला दौऱ्यावर दाखवण्यात आलं. शेवटी दुसऱ्या भाऊंच्या वाढदिवसासाठी लाकडी चौकट कमी पडली, म्हणून तीच माणसं येऊन फ्लेक्स काढून घेऊन गेली.

फ्लेक्सच्या मागं भिंत निघाली. पण ती इतक्या वर्षांच्या पिचकाऱ्यांनी इतकी रंगली होती की साहेबांनी मान फिरवली. तशातच जिल्ह्याहून दृष्टी प्रणालीची तपासणी करायला पथक येणार, असं पत्र येऊन पडलं. भिंतीला चुना मारायचा हुकूम झाला. चुना कोण मारणार? संतरामकाका. पांढरी टोपी, पांढरे कपडे, वर कोपरापर्यंत आणि भुवयांपर्यंत चुना. भिंत अशी पांढरीशुभ्र झाली की डोळे दिपावेत.

संध्याकाळी गाडी आली. काकांनी कुंचला खाली ठेवला आणि भिंतीला पाठ लावून आपली जागा घेतली. टूं… टूं… स्क्रीन म्हणाला, ‘मागे मोकळे आकाश आहे.’ बापूंना आवाज ऐकू येत होता, पण साहेब मागून म्हणून राहिले होते, “अरे, स्क्रीन बघ. प्रणालीवर विश्वास ठेव.” बापूंनी विश्वास ठेवला. काकांनी दीर्घ टूं अर्धवट सोडून बाजूला उडी मारली आणि गाडी भिंतीला भिडली. मागचा दिवा गेला.

योगेशला फोन लावला. तो म्हणाला, “कॅमेऱ्याला खुणा लागतात हो. सपाट पांढरं दिसलं की त्याला ते आकाश वाटतं.”

“आन् काका व्हते की तिथं उभे!” बापू ओरडले.

“ते पण पांढरेच होते ना? ढग वाटले असतील.”

दुसरा मेमो.

त्या रात्री मी जेवण अर्धवट सोडून उठले. घरी आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो, पण इथं मराठीत सांगते. मी रूपाबाईला, म्हणजे माझ्या आजीला, म्हटलं, “आजी, तुझी आरशांची ओढणी दे. भिंतीला खुणा पायजेत.”

“भिताडाला ओढणी? भिताडाचं लगीन हाय व्हय गं, दिपा?”

“बापूची बदली हुईल आजी, कोकणात.”

आजीनं पेटी उघडली. चाळीस वर्षांपूर्वीची लाल ओढणी, त्यावर नखाएवढे दोनशे आरसे, एकेक आरसा तिनं हातानं टाचलेला. याहून जास्त खुणा जगात कुठल्याच कापडावर नसतील, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मी ती भिंतीवर ताणून बांधली. गाडी आली. टूं… टूं… आणि कचकन थांबली. प्रत्येक आरशात एक एक पांढरी गाडी होती, आणि प्रत्येक गाडी आपल्याच अंगावर उलटी येत होती. स्क्रीनवर आलं : ‘मागे वाहतूक कोंडी आहे. पर्यायी मार्ग शोधत आहे.’ पर्यायी मार्ग म्हणून गाडीनं वसमतचा रस्ता सुचवला.

ओढणी मी घडी घालून परत आणली. आजी एवढंच म्हणाली, “तुज्या गाडीला आरसा दावला तर भेती. मानसासारकीच हाय.”

इकडं दुसऱ्या मेमोवर बापूंनी खुलासा दिला होता : ‘मी गाडी हळू घेतली. भिंत जागेवरच होती.’ हे वाचून भाऊसाहेबांचे डोळे चमकले.

“साहेब, ड्रायव्हर लिहून देतो की भिंत जागेवरच व्हती. म्हंजे वाहन येताना दिसत असूनही भिंत हलली न्हाई. भिंतीची बाजू आपण ऐकूनच घेतलेली नाही.”

“पण भिंतीला मेमो?”

“पथक येऊन राहिलं, साहेब. कारवाई केली का, असं विचारतील. काय दाखवायचं?”

मेमो निघाला. ‘आपण शासकीय वाहनाच्या मार्गात का आलात, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’ बजावण्यासाठी तो भिंतीवरच खळीनं चिकटवला. तीन दिवसांत भिंतीनं खुलासा दिला नाही. स्मरणपत्र क्रमांक एक चिकटवलं. मग दोन. मग अंतिम स्मरणपत्र, मग अंतिम स्मरणपत्राचं स्मरणपत्र. तपासणीच्या दिवशी भिंतीवर अकरा कागद होते, त्यांतले तीन ‘अत्यंत तातडीचे’ म्हणून लाल शाईत.

योगेश बघून खूश झाला. “अरे वा! या की खुणा. आता दिसेल भिंत.”

पथकात तीन साहेब होते. तिघं मागच्या सीटवर, आमचे साहेब पुढं, आणि बापू चाकावर. पोर्चमध्ये अख्खं कार्यालय रांगेत उभं होतं. पलीकडं शाळेच्या भिंतीवर माझी कबड्डीची टीम चढून बसली होती, त्यांना मी सांगून ठेवलं होतं की ओरडायचं नाही. आज टेकली तर तिसरा मेमो.

बापूंनी रिव्हर्स टाकला.

टूं… गाडी मागं आली. टूं टूं… अजून मागं. शेषराव भाऊसाहेब डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. टूंऽऽऽ!

गाडी थांबली. टेप लावून मोजलं. बरोब्बर एक फूट.

टाळ्या पडल्या. साहेब पदाला शोभेल असे उतरले. पथकातल्या मोठ्या साहेबांनी अकरा कागदांकडं कौतुकानं बघितलं, खाली पडलेली एक टोपी ओलांडली आणि म्हणाले, “उत्तम. विशेषतः इशाऱ्याचा आवाज फारच नैसर्गिक आहे. अगदी माणसासारखा. इतर तालुक्यांत मुळी आवाजच येत नाही.”

“आमच्याकडं जरा वेगळी आवृत्ती हाय, साहेब,” भाऊसाहेब म्हणाले.

मी मात्र ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेतून स्क्रीन बघितला होता. त्यावर भिंतीचा उल्लेखही नव्हता. फक्त एक ओळ होती : ‘मागे एक पादचारी आहे.’

मी गाडीच्या मागं गेले. बंपर आणि भिंत यांच्यामधल्या एक फुटात, अकरा कागदांना पाठ लावून, पोट आत ओढून संतरामकाका उभे होते. ते खाली वाकू शकत नव्हते. मी टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली.

“बराबर झाली का गं टूं?” त्यांनी हळूच विचारलं.

मी तोंड उघडलं, एसटी स्टँडपर्यंत जाणारं. पण बापूंनी आरशातून माझ्याकडं असं बघितलं की मी ते तसंच मिटलं.

घरी जाताना मोटारसायकलवर मी बापूंच्या कानात ओरडले, “बापू, गाडी कागदाला न्हाई थांबली! काकाला थांबली!”

“ठावं हाय मला.”

“काका आजून काहून उभे राहतेत तिथं?”

“आदेश काय हाय? पुढला आदेश होईस्तोवर. त्यो झालाच न्हाई. अपडेट आलं, कॅमेरा आला, पथक आलं. काकाला ‘बस कर’ म्हनायाचं सगळे इसरले. म्या याद दिली तर आदेश रद्द हुईल. मंग तिसरा मेमो माजाच हाय.”

“अन् काकाला तकलीफ न्हाई व्हत?”

“इचारलं म्या. काका म्हनले, दोन वर्सं राह्यली जगन, फकस्त ब्रेक दाबत जाय.”

पथकाचा अहवाल आला. प्रणाली शंभर टक्के यशस्वी. शेवटची ओळ अशी : ‘वाहनामागे उभे राहण्यासाठी आता मनुष्यबळाची आवश्यकता उरलेली नाही. सबब शिपायाचे एक पद कमी करता येईल.’ भाऊसाहेबांनी लगेच आदेश टाइप केला. पण आदेश बजावायचं काम शिपायाचं. आणि शिपाई कुठं दिसेना. चहाच्या टपरीवर बघितलं, रेकॉर्ड रूममध्ये बघितलं, रजेचे अर्ज चाळले. “हा मानूस जागेवर कधीच नसतो,” असा शेरा मारून भाऊसाहेबांनी आदेश ड्रॉवरमध्ये ठेवला, टरफलांच्या शेजारी. तो अजून तिथंच आहे. म्हणून बापू अजून इथंच आहेत आणि मी अजून कॅप्टन आहे.

तुम्ही हसून राहिला असाल, की बघा, कसं कार्यालय आहे, समोरचा माणूस दिसत नाही यांना. हसा. पण खरं सांगा. चुन्याच्या दिवशी उडी मारल्यानंतर संतरामकाका कुठं गेले, हे तुम्ही तरी एकदा विचारलंत का? मी तर दर वेळी टूं टूं लिहीत होते. फ्लेक्सवर बेचाळीस आणि स्क्रीनवर त्रेचाळीस, हे आकड्यात लिहून दिलं होतं. तुम्ही म्हणालात, एवढी चूक चालते.

गाडीनं निदान ‘मागे एक पादचारी आहे’ अशी पाटी तरी दाखवली. तुमची सेन्सरं कधी काढली?